गॅसच्या भट्टीला सिलिंडर जोडताना

"घरचा लाल सिलिंडर लावला तर चालेल का?" पाती, छिन्न्या, कोयते घडवण्यासाठी गॅसची छोटी भट्टी बनवायला घेतलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. नाही चालणार. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी असतो. २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार तो दुसऱ्या कामाला लावता येत नाही. गाळ्यात भट्टी चालवायची तर १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर एजन्सीकडून रीतसर पावती घेऊन आणायचा. बाजारात बिनकंपनीचे दोन-तीन किलोचे छोटे सिलिंडर मिळतात आणि कोपऱ्यावर कुणीतरी मोठ्यातून छोट्यात गॅस भरूनही देतो. त्यांच्या वाटेला जाऊच नका. त्यात किती भरला हे भरणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि वर मोकळी जागा न ठेवता काठोकाठ भरलेला सिलिंडर उन्हात तापला की द्रवाला फुगायला जागाच उरत नाही.

पण हा झाला कायदा. सिलिंडर निळा आणला म्हणून भट्टी सुरक्षित होत नाही. भट्टीची सगळी जोडणी समजून घ्यायची असेल तर एकच गोष्ट पकडून चालायचं: सिलिंडरपासून जेटपर्यंत, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकापर्यंत, कुठल्या जागी किती दाब आहे.

आपल्याकडचे फिटर दाब 'किलो'त सांगतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो. इथेही तेच माप वापरतो. मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यात सिलिंडरच्या आत पाच-सहा किलोच्या आसपास दाब असतो. घरच्या शेगडीला लागतो ३० ग्रॅम. हो, ग्रॅम. घरच्या रेग्युलेटरचं कामच ते, पाच-सहा किलोचे ३० ग्रॅम करायचे. भट्टीचा बर्नर या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो: साधारण पाव किलो ते एक किलो.

इतका का लागतो? कारण साध्या भट्टीला भाता नसतो, ब्लोअर नसतो. एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या भोकातून गॅस जोरात सुटतो आणि आजूबाजूची हवा स्वतःबरोबर बर्नरच्या नळकांड्यात ओढून नेतो. बरेच जण जेट म्हणून मिग वेल्डिंगची ०.८ मिलिमीटरची टिप वापरतात. एक भाग प्रोपेन पुरता जळायला सुमारे २४ भाग हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१ भाग. एवढी हवा ओढायची तर गॅसच्या झोतात जीव हवा. ३० ग्रॅमवर तो नुसता लोळत बाहेर पडतो. ज्योत पिवळी होते, काजळी धरते, कधी मागे सरकून नळकांड्यातच जळत बसते. मग माणूस घरचा रेग्युलेटर उघडून त्याच्या स्प्रिंगशी खेळायला लागतो. तो खेळ कृपा करून नको.

मुंबईत महानगर गॅस कंपनीची पाइप गॅसची लाइन असणारे विचारतात, हीच का नको? तिचा दाबही शेगडीपुरताच असतो, शिवाय तो मिथेन आहे, त्याला जेट वेगळं लागतं. आणि मीटरच्या पुढे स्वतःच्या हाताने फाटा काढणं हा वेगळाच उद्योग. तो विषय इथेच संपला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रेग्युलेटर. वडापावच्या गाड्यांवर आणि चायनीजच्या भट्ट्यांवर 'हाय प्रेशर' म्हणून जे लावलेलं असतं त्यातलं काही खरोखर रेग्युलेटर असतं आणि काही नुसती चावी असते. दोन्हींना फिरवायला मूठ असते, त्यामुळे दिसायला भाऊ-भाऊ. कामात मात्र फार फरक आहे. खऱ्या रेग्युलेटरच्या आत रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. पुढच्या बाजूला दाब ठरवल्यापेक्षा वाढला की पडदा उचलला जातो आणि गॅसची वाट आपोआप बंद होते. चावी असं काही करत नाही. ती फक्त वाट अरुंद करते. भट्टी चालू असताना गॅस वाहत असतो म्हणून पुढे दाब कमी दिसतो. तुम्ही बर्नरजवळचा कॉक बंद केलात की वाहणं थांबतं आणि अर्ध्या मिनिटात अख्ख्या नळीत सिलिंडरइतका, पाच-सहा किलो, दाब येऊन बसतो. नळी साधी असेल तर ती तिथे सुटते. सुटली नाही तर पुढच्या वेळी कॉक उघडताना तेवढ्या दाबाचा भपका थेट भट्टीत जातो.

म्हणून घ्यायचा तो दाब कमी-जास्त करता येणारा, एलपीजीसाठीच बनवलेला, पुढच्या बाजूला मीटर असलेला रेग्युलेटर. ऑक्सिजनचा जुना पडलाय म्हणून तो लावू नये. मीटरची पट्टी शून्य ते दोन किंवा शून्य ते चार किलोची बघा. सोळा किलोचं मीटर लावलं तर अर्ध्या किलोला काटा जेमतेम जागचा हलतो, आणि मग माणूस मीटरऐवजी ज्योतीच्या आवाजावर अंदाज बांधायला लागतो. रेग्युलेटर खरा आहे का, हे दुकानातून आणल्यावर एकदा तपासता येतं: पुढचा कॉक बंद ठेवून दाब अर्ध्या किलोवर लावा आणि काटा बघत बसा. हळूहळू वर चढत राहिला तर आतली सीट, म्हणजे गॅसची वाट बंद करणारी बैठक, गळतेय. तो परत करा.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात हे सगळं मिळतं. रेग्युलेटर, मीटर, पितळी फिटिंग, नळी, टोकं दाबून घेण्याची सोय. तिथे नुसतं 'गॅसची नळी द्या' म्हटलं तर दुकानदार शेगडीची नळी पुढे करेल. ती शेगडीच्या दाबासाठी आहे. भट्टीसाठी एलपीजीची जास्त दाबाची नळी मागायची, तिच्यावर छापलेला दाब आणि वर्ष वाचायचं. आंतरराष्ट्रीय रंगसंकेतात एलपीजीची वेल्डिंग नळी नारिंगी असते, ऑक्सिजनची निळी, ॲसिटिलीनची लाल. लाल नळीचं रबर एलपीजीला दरवेळी टिकतंच असं नाही. दोन्ही टोकं यंत्राने दाबून घेतलेली हवीत. स्क्रूने आवळायची पट्टी शेगडीपुरती ठीक. आट्यांच्या जोडांना गॅसची पिवळी टेफ्लॉन टेप गुंडाळा. जिथे धातूवर धातू चपखल बसून जोड होतो त्या फ्लेअर फिटिंगवर मात्र टेप लावू नका. तिथे टेपेमुळेच गळती होते.

सिलिंडर घेताना दोन गोष्टी पाहा. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि पुढे दोन आकडे रंगवलेले असतात. ती पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवायचा तुम्हाला हक्क आहे. दुसरी गोष्ट टोपणाखाली. टॉर्च मारून व्हॉल्व्हच्या तोंडात बघितलं की काळी रबरी रिंग दिसते. ती चिरलेली, चपटी झालेली किंवा नसलीच, तर बाकी सगळं फिटिंग कितीही महागाचं असो, गळती तिथूनच होणार. चांगला डिलिव्हरीवाला न सांगता व्हॉल्व्हवर पाणी टाकून बुडबुडे येतात का ते दाखवतो. न दाखवणाऱ्याला दाखवायला सांगा.

सिलिंडर गार का पडतो

आता दोन सिलिंडर जोडायची गोष्ट. परदेशी व्हिडिओ बघून शिकलेल्यांची गडबड इथे सर्वात जास्त होते, कारण तिकडे टाकीत बहुतेक निव्वळ प्रोपेन असतो आणि आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. मुंबईत थंडी पडत नाही म्हणून ब्युटेनची इथे एरवी अडचण नसते. पण भट्टी स्वतःच सिलिंडरपुरती थंडी तयार करते.

सिलिंडरमध्ये द्रव असतो, आपण वरची वाफ वापरतो. वाफ काढली की द्रव उकळून नवी वाफ देतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता स्वतःच्याच अंगातून घेतो. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. एक किलो गॅसची वाफ व्हायला साधारण ३५० किलोज्यूल लागतात. हिशेब केला तर भरलेल्या १९ किलोच्या सिलिंडरमधून भराभर एक किलो ओढला आणि बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही, तर तो सहाएक अंश गार होतो. अर्धा रिकामा असेल तर दहाएक अंश. एका बर्नरची छोटी भट्टी तासाला अर्धा ते एक किलो खाते. एक किलो म्हणजे सुमारे १३ किलोवॅट, घरच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट. शेगडीवर सिलिंडर कधी गार पडल्याचं जाणवत नाही, भट्टीवर पडतो, तो यामुळे.

आपल्या दमट हवेत हे डोळ्यांना दिसतं. अर्ध्या-पाऊण तासाने सिलिंडरच्या खालच्या भागावर पाण्याचे थेंब धरतात आणि वरचा भाग कोरडा राहतो. मधली रेघ म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. किती गॅस उरलाय ते वजनकाट्याशिवाय कळतं. फार जोरात ओढलं तर थेंबांच्या जागी पांढरं हिव दिसतं आणि मीटरचा काटा उतरायला लागतो. त्यात भर अशी, की मिश्रणातून हलका प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो. सिलिंडर संपत आला की भट्टी मरगळते ती या दोन कारणांनी मिळून.

इथे लोक जे उपाय करतात ते बघवत नाहीत. कुणी सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवतं, कुणी भट्टीच्या जवळ सरकवतं, कुणी शेवटचा गॅस निघावा म्हणून आडवा करतं. तापवलेल्या सिलिंडरमधला दाब किती वर जाईल याला धरबंध नाही. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव बाहेर येतो. एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो. रेग्युलेटर आणि जेट वाफेसाठी आहेत, त्यांच्यात द्रव शिरला की भट्टीच्या तोंडातून हातभर आलेली ज्योत पुरुषभर होते. ४७.५ किलोच्या सिलिंडरचा एक प्रकार मुद्दाम द्रव काढण्यासाठीच बनवलेला असतो; स्वस्तात मिळतोय म्हणून तो भट्टीला आणू नका.

खरा उपाय, दोन सिलिंडर एकत्र लावणं. प्रत्येकातून निम्माच गॅस निघतो, म्हणून दोन्ही कमी गार होतात. जोडताना प्रत्येक सिलिंडरवर अडॅप्टर, त्यापुढे आखूड जाड नळी, मग उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह, मग दोघांचा मिळून एक आडवा पाइप, त्यावर एक मुख्य कॉक आणि त्यानंतर एकच रेग्युलेटर. दोन सिलिंडरला दोन रेग्युलेटर लावून नंतर जोड दिला तर ज्याचा दाब केसभर जास्त तोच एकटा गॅस पुरवत राहतो, दुसरा नुसता उभा. फायदा शून्य.

उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह लोक पैसे वाचवायला गाळतात. समजा गाळ्याच्या दारातून सकाळचं ऊन एका सिलिंडरवर पडतंय आणि दुसरा सावलीत आहे. तापलेल्यातला गॅस जोडपाइपातून गार सिलिंडरमध्ये जाऊन तिथे पुन्हा द्रव होतो. कुणी हात न लावता एक सिलिंडर रिकामा होत जातो आणि दुसरा ठरलेल्या पातळीच्या वर भरत जातो. जवळजवळ भरलेल्या सिलिंडरच्या बाबतीत हे फार वाईट. त्या दोन छोट्या व्हॉल्व्हमुळे ही वाटच बंद होते. सिलिंडर एकाच मापाचे, एकाच जमिनीवर, उभे, साखळीने बांधलेले असावेत, आणि जोडपाइप त्यांच्या व्हॉल्व्हपेक्षा उंच असावा, म्हणजे रात्री पाइपात थेंब धरलेच तर ते सिलिंडरकडे परत उतरतील. रेग्युलेटरच्या अलीकडचा हा सगळा भाग पूर्ण दाबाचा असतो. माझं मत विचाराल तर तेवढा भाग एजन्सीच्या माहीतगार मेकॅनिककडूनच करून घ्यावा. आपली कारागिरी भट्टीच्या अस्तरावर दाखवावी. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे एका जागी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला पेसोचा, म्हणजे स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या नागपूरच्या सरकारी संस्थेचा, परवाना लागत नाही. धंदा म्हणून भट्टी चालवायची तर पालिकेचं आणि अग्निशमन दलाचं काय लागतं ते वेगळं विचारायला हवं.

भट्टी कुठे नको

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीवर पसरतो, उतार शोधतो, मोरीत आणि गटारात उतरतो. हवेत दोन टक्के झाला की पेट घ्यायला पुरतो. एक किलो गॅस गळून नीट मिसळला तर चाळीतली दहा बाय दहाची जवळजवळ अख्खी खोली पेटण्याजोगी होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये कुर्ल्याच्या एका हॉटेलात गॅसगळतीनंतर लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. माळ्यावर बसलेल्यांना खाली यायला वाटच मिळाली नाही. तेव्हा चाळीची खोली नको, फ्लॅटची बाल्कनी नको, गाळ्याचा पोटमाळा तर नकोच. सोसायटीच्या गच्चीचा मोह होतो, पण गच्चीवर वारा ज्योत उलटवतो, आणि खाली राहणाऱ्या पन्नास कुटुंबांना कुणी विचारलेलं नसतं. तळमजल्यावरचा, पूर्ण शटर उघडणारा, मागे खिडकी असलेला गाळा हवा. सिलिंडर भट्टीपासून निदान तीन मीटर लांब, शक्यतो दाराबाहेर आणि भट्टीच्या तोंडासमोर कधीच नाही. जवळपास गटाराची जाळी नसावी. आणि सिलिंडरकडे जायची वाट भट्टीवरून जाता कामा नये, कारण घाईच्या वेळी तुम्हाला तिथेच पोचायचं असतं.

गॅसला मर्कॅप्टनचा वास घातलेला असतो म्हणून गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. भट्टीच्या तोंडाबाहेर निळसर-पिवळी ज्योत लपलपत असते ती आत हवा कमी पडल्याची खूण, आणि त्या धुरात हा वायू असतो. तापलेल्या लोखंडावर पापुद्रा कमी धरावा म्हणून घडवणारे मुद्दाम थोडी तशी ज्योत ठेवतात. त्याला हरकत नाही, पण मग पावसाची झड आत येते म्हणून शटर अर्धं ओढून काम करता येत नाही. डोकं जड झालं, मळमळलं तर गॅस बंद करून आधी उघड्यावर या. पावसाळ्यात दिवसच्या दिवस बंद राहिलेल्या भट्टीचं अस्तर ओल धरतं, तेही पहिल्या दिवशी एकदम तापवू नका, मंद आचेवर वाळू द्या.

गळती तपासायची पद्धत साधी आहे. बर्नरजवळचा कॉक बंद, सिलिंडर चालू, रेग्युलेटरवर अर्धा किलो. मग प्रत्येक जोडाला ब्रशने साबणाचं पाणी लावा आणि बघा. घाई करू नका. बारीक गळतीचा बुडबुडा फुगायला वेळ घेतो. त्यानंतर मुख्य कॉक बंद करून काटा कुठे आहे ते खडूने लिहून पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला तर जोड गळतोय. काडी पेटवून गळती शोधणारे अजून भेटतात, त्यांना गाळ्यात घेऊ नका.

पेटवताना आधी आग, मग गॅस. लांब दांड्याचा लायटर किंवा पेटता बोळा भट्टीच्या तोंडात धरायचा, स्वतः बाजूला उभं राहायचं आणि मगच कॉक उघडायचा. उलट केलं तर भट्टीच्या पोटात गॅस साठतो. पेटली नाही तर कॉक बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. चालू असताना 'पुक-पुक' असा आवाज आला आणि नळकांडं लाल होऊ लागलं, तर ज्योत मागे सरकली आहे; दाब कमी पडलाय किंवा जेट हललंय. बंद करा, नळकांडं गार होऊ द्या. 'आग नळीतून सिलिंडरमध्ये जाईल' ही भीती मात्र साध्या बर्नरपुरती अनाठायी आहे. जेटपर्यंत नळीत नुसता गॅस असतो, हवा नसते, आणि हवेशिवाय आग पुढे जात नाही. ब्लोअरच्या भट्टीत हिशेब बदलतो: वीज गेली की हवा थांबते, गॅस चालूच राहतो आणि ब्लोअरच्या पाइपात मागे शिरतो. म्हणून तिथे वीज गेल्याबरोबर स्वतःहून गॅस तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच, आणि तो ब्लोअरच्याच वायरीवर.

गळती आवरत नसेल तर दिव्याच्या बटणाला, पंख्याला हात लावायचा नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. जमलं तर सिलिंडर बंद करून बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन लावा: एलपीजी गळतीसाठी १९०६, आग असेल तर १०१.

काम संपल्यावर बंद करायचा क्रम सिलिंडरकडून भट्टीकडे. आधी सिलिंडर, मग नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग बर्नरचा कॉक, शेवटी रेग्युलेटरची मूठ सैल. त्यामुळे रात्रभर नळीत दाब राहत नाही. रिकामा सिलिंडरही टोपण लावून, उभाच ठेवायचा. त्यात ब्युटेनची वाफ उरलेली असते, आणि दुपारच्या उन्हात ती पुन्हा दाब धरते.